वेडी बाभूळ: किती काढायची, किती ठेवायची

कच्छमध्ये भुजच्या उत्तरेला, रणाच्या काठाने बन्नीचं सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचं माळरान पसरलं आहे. इथली म्हैस उन्हाचा ताप टाळून रात्री चरते आणि पहाटे आपली आपण वस्तीवर परतते. 2010 साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. मालधाऱ्यांचं, म्हणजे इथल्या पशुपालकांचं, घर तिच्या दुधावर चालतं आणि दूध गवतावर.

त्या गवताच्या मुळावर आलं ते एक झाड. रण पुढे सरकू नये म्हणून 1960-61 च्या सुमारास वनखात्याने इथे वेडी बाभूळ लावली. मूळची अमेरिका खंडातली ही बाभूळ खाऱ्या जमिनीला आणि तोकड्या पावसाला दाद देत नाही. तिच्या गोड शेंगा गुरं आवडीने खातात. टणक बिया शेणातून जशाच्या तशा बाहेर पडतात आणि तिथेच रुजतात. म्हशीला शेंगा मानवतात. कांकरेज जातीच्या गाईने मात्र जास्त खाल्ल्या तर पोट बिघडतं, कधी जीवही जातो.

मग सगळीच काढून टाकावी?

नुसती तोडली तर बुडख्याला फुटवे येऊन आधीपेक्षा दाट जाळी होते. ती मुळासकटच काढावी लागते, तीही पावसाआधी. देशी बाभूळ, खेजडी, पिलू ही सावलीची झाडं जेसीबीवाल्याला आधीच दाखवून ठेवावी लागतात. पाऊस पडला की मोकळ्या जमिनीत मारवेल, धामण उगवतात आणि त्यांच्यासोबत वेड्या बाभळीची रोपंही. ओल्या मातीतलं वीतभर रोप दोन बोटांनी निघतं. पुढच्या हंगामात त्यालाच कुदळ लागते. गवताने बी धरेपर्यंत गुरं बाहेर ठेवायची.

पण बाभळीवरही चुली पेटतात. ती तोडायला पूर्वी बंदी होती. 2004 साली ही बंदी उठली आणि कोळशाच्या भट्ट्या धडाक्याने सुरू झाल्या. 2008 मध्ये बंदी पुन्हा आली. तोवर अनेक घरांना दुधासोबत कोळशाचाही आधार झाला होता. एकाच घराला म्हशीसाठी गवत हवं असतं आणि भट्टीसाठी बाभूळ. शिवाय दुष्काळात गवत संपलं की म्हैस शेंगांवरच तगते.

म्हणून गावं काही पट्टे मोकळे करतात, काही ठिकाणी जाळी राहू देतात. मात्र शेजारच्या गावची म्हैस शेंगा खाऊन रात्री इकडे चरायला आली, की साफ केलेल्या पट्ट्यात पुन्हा बी पडतं. त्यामुळे कुठे काढायची आणि कुठे ठेवायची, हे ठरवायला दोन्ही गावांना एकत्र बसावं लागतं.