विंचवाचे बिऱ्हाड

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एका गाडीविषयी विचारविनिमय चालू आहे. गाडी साधीच, मारुतीची ईको. मागची आसने काढून तेथे फळ्यांची शय्या, तिच्याखाली सामानाचे खण, एक शेगडी, पाण्याचा कॅन आणि मागील दाराला ताडपत्रीचा आडोसा, एवढाच आमच्या फिरत्या घराचा आराखडा आहे. माझ्या निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. अकोले तालुक्याच्या डोंगरभागातील बोलीचे माझे अर्धवट राहिलेले काम त्यानंतर पुन्हा हाती घ्यावे आणि पतींनी सारथ्य करावे, असा बेत आहे. अहिल्यानगरहून (आमच्या तोंडी अजून नगरच आहे) रोज तेथे जाऊन येणे या वयात जमणारे नाही.

गाडीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नवी घेतली तरी ती पाच-सहा लाखांत येते. लांबी पावणेचार मीटरहून कमी आणि रुंदी दीड मीटरच्या आत असल्याने रतनवाडीच्या अरुंद रस्त्यावर समोरून एस. टी. आली तरी बाजू देता येईल. माझ्या लेखी मात्र तिचा खरा गुण निराळा आहे. १९९७ साली पीएच. डी.साठी मी त्या भागात हिंडत होते, तेव्हा शेवटची एस. टी. निघून गेली की कोणाच्या तरी घरी मुक्काम करावा लागे. जेथे चार माणसांना भाकरी पुरत नाही तेथे पाचवी होऊन जेवायचे. उजाडण्यापूर्वी घरातील बायकांबरोबर आडोसा शोधायचा. पाळीच्या दिवसांत तर सगळाच कोंडमारा. प्रबंधाच्या प्रस्तावनेत मी यातले काही लिहिले नाही. स्वतःचे अंथरूण आणि आतून लावता येणारे दार यांचे मोल मला तेथे कळले.

आता अडचणी. ईकोची बाहेरची उंचीच १.८ मीटर, आत ताठ उभे राहता येत नाही, म्हणजे गुडघेदुखी असलेल्या बाईने साडी वाकून नेसायची. घाटघरच्या पावसात काचा लावल्या तर जीव गुदमरणार, उघडल्या तर अंथरूण भिजणार. बंद गाडीत शेगडी पेटवणे जिवावर बेतू शकते. शौचालयाचा प्रश्न तर सुटतच नाही. फार तर तो ताडपत्रीआड जातो. शिवाय नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ चे निर्बंध आहेत. तेव्हा आसने काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढणे आलेच.

माझे माहेर पाथर्डीचे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या मी लहानपणी दारात उभी राहून पाहिल्या आहेत. भांडी, अंथरुणे, कोंबड्या आणि त्यांवर बसलेली पोरे. त्या कामात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. लक्षणेचे उदाहरण म्हणून हा शब्द मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिला आहे. विंचवाची मादी पिलांना खरोखरच पाठीवर वाहते, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा त्या गाड्या आठवल्या. आमच्या शय्येची मापे कागदावर मांडताना 'विंचवाचे बिऱ्हाड' ही म्हण ओठांवर येते आणि मी ती गिळते.

गाडी मुक्काम देईल. बोली देईल का? लोक त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नसताना कसे बोलतात हे अभ्यासकाला शोधायचे असते, आणि लक्ष दिल्यावाचून ते कळत नाही. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ साली मांडलेला 'निरीक्षकाचा विरोधाभास' तो हाच. माझ्या प्रश्नावलीला त्या घरातील म्हातारी शाळेतल्यासारखी, पुस्तकी मराठीत उत्तरे देई. रात्री ध्वनिमुद्रक बंद झाल्यावर, चुलीपुढे सुनेवर रागावताना तिची खरी क्रियापदे मला ऐकू आली. सकाळी तिला विचारून मी ती लिहून घेतली, तेव्हा ती हसत सुटली. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्या चुलीपुढचे आहे. वाडीबाहेर गाडी लावून, दार आतून बंद करून झोपले असते तर ते लिहून झालेच नसते.

येत्या रविवारी गाडी पाहायला जायचे आहे. मी एकच अट घातली आहे : शेगडी बसवायची नाही. शिधा सोबत न्यायचा आणि कोणाच्या तरी घरी, तेथील बायकांबरोबर बसून रांधायचा. पती विचारतात, मग रात्री दहाला चहा हवासा वाटला तर काय करायचे? त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.