भुरीचे घर

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला धरून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. आमची भुरी मात्र दोहोंपैकी कशालाच धरून नव्हती. साताऱ्यातील आमच्या साऱ्या बोळावर तिची सत्ता होती. शेजारच्या कौलांवर तिची सकाळ उजाडे. दुपार आमच्या परसातील लाकडांच्या ढिगावर जाई. आणि दिवेलागणीच्या सुमारास ती शिकारीला निघाली, की पहाटेपर्यंत तिचे दर्शन होत नसे. भूक लागली म्हणजे ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसे. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणे तिला कमीपणाचे वाटत असावे.

एका पावसाळ्याच्या आरंभी एका भरधाव वाहनाचा तिच्या मागच्या पायाला धक्का लागला. पशुवैद्यांनी उपचार केले, रेबीजप्रतिबंधक लसही टोचली. जीव वाचला, परंतु पाय अधू झाला. "आता भिंतीवर झेप घेऊन हिला कुत्र्यांपासून सुटता येणार नाही. हिला घरातच ठेवा," असे त्यांनी सांगितले. ते ऐकून आजी म्हणाली, "मांजराला घरात कोंडायचे म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची आहे रे बाबा!"

आजीच्या बोलण्यात तथ्य होते. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. त्या धान्यासाठी उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजरे आली. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या एका मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला असून, २००४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. इतका जुना हा सहवास! पण बैलाला जसे दावे लावून गोठ्यात आणले, तसे मांजराला कोणी आणले नाही. ते आपल्या पायांनी आले आणि आपल्या मर्जीने राहिले. अशा प्राण्यापुढे दार लावून घेणे म्हणजे त्याची फार मोलाची वस्तू काढून घेणे होय. ती घ्यायची, तर तिच्या बदल्यात काय द्यायचे, हा आमच्यापुढील प्रश्न होता.

एकदम सारे घर तिच्या अंगावर टाकायचे नाही, असे आम्ही ठरविले. कोठीची लहानशी खोली रिकामी केली. लाकडांच्या ढिगावर ती ज्या गोणपाटावर निजत असे, ते न धुता तसेच आणून एका कोपऱ्यात अंथरले. मांजराच्या गालांत, हनुवटीत आणि कपाळावर गंधग्रंथी असतात. एखाद्या वस्तूला अंग घासून ते तिच्यावर आपला गंध ठेवते. आपण दारावर नावाची पाटी लावतो, त्यातलाच हा प्रकार. त्या परक्या खोलीत भुरीच्या नावाची पाटी तेवढी त्या गोणपाटावर होती.

पहिले चार दिवस ती पेटीमागून बाहेर आली नाही. ठेवलेले अन्न रात्री गुपचूप संपे, एवढीच तिची खूण. माझा भाचा तिला ओढून बाहेर काढायला निघाला, तेव्हा आजीने त्याला थांबविले. "तिला तिच्या पायांनी येऊ दे," ती म्हणाली. मग तो रोज त्या खोलीत बसून मोठ्याने आपले धडे वाचू लागला. भुरीकडे तो पाहत नसे, तिला हाक मारीत नसे. पाचव्या दिवशी इतिहासाचा धडा चालू असता भुरी पेटीमागून निघाली, लंगडत त्याच्याजवळ आली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर गाल घासला. तिथे तिची दुसरी पाटी लागली!

यानंतर बाहेरचे एकेक सुख आम्ही आत आणू लागलो. परसातील माती एका घमेल्यात भरून तिच्या अन्नापासून दूर ठेवली. कारण जेथे जेवायचे, तेथे घाण करणे मांजराला आवडत नाही. नखे घासण्यासाठी आंब्याचा एक ओंडका काथ्याची दोरी गुंडाळून उभा केला. नखांवरचे जुने कवच झडावे आणि अंगाला ताण मिळावा, म्हणून मांजर झाडे ओरबाडते. ओंडका नसता, तर ते काम आजीच्या पलंगावर झाले असते. खिडकीला बारीक जाळी बसविली, तिच्याशी एक फळी ठोकली आणि अधू पायाला चढता यावे म्हणून खाली खोक्यांच्या पायऱ्या रचल्या. एका कुंडीत गहू पेरले. त्याची कोवळी पाती ती आवडीने कुरतडते. दुधाचा आग्रह मात्र आम्ही सोडला. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्यांना स्वच्छ पाणी आणि मासमच्छी हवी.

सर्वांत कठीण होती ती दिवेलागणीची वेळ. संधिप्रकाशात मांजराची दृष्टी आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण असते. शिकारीची हीच वेळ. अंधारू लागले, की भुरी दारापाशी जाऊन आर्त स्वराने ओरडे. तो स्वर ऐकून दाराच्या कडीकडे हात जाई. मग त्याच वेळी भाचा दोरीला कागदाचा बोळा बांधून तिच्यापुढे नाचवू लागला. बोळा पेटीमागे दडे, मध्येच थांबे, एकाएकी पळे. भुरी दबा धरी, झडप घाली आणि दमून जाई. मग तिला जेवण मिळे. शिकार, आहार, अंग चाटणे आणि निद्रा हा मांजराचा क्रम आहे. तो पुरा झाला, की रात्र शांततेत जाई. महिन्याभरात इतर खोल्यांची दारेही आम्ही एकेक करून तिच्यासाठी उघडली.

आता भुरी घरभर वावरते. दुपारी आजीच्या पायांशी निजते. परंतु ती बोळ विसरली आहे, असे मला वाटत नाही. समोरच्या कौलावर एखादे मांजर दिसले, की फळीवर बसल्या बसल्या तिचे कान टवकारतात, शेपटीचे टोक हलू लागते. तिला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण तिचे प्राण जपले, हे खरे. पण तिचे आकाशही लहान केले, हेही तितकेच खरे. म्हणून भाच्याची परीक्षा असो की घरात पाहुणे असोत, दिवेलागणीचा तो अर्धा तास भुरीचा असतो. आजी त्याला भुरीचे देणे म्हणते. आणि देणे वेळेवर चुकते करावे, अशी आमच्या घरची रीत आहे.