चालती गाडी बंद पडते तेव्हा

सुरूच न होणारी गाडी एक वेळ परवडली. चालता चालता बंद पडणारी नको. पहिली निदान आपल्या दारात तरी उभी असते!

आमची गाडी १९८४ साली या दुसऱ्या पंथाला लागली. चार-सहा मैल गुण्यागोविंदाने जायची, मग आचके देत गप्प. दहा मिनिटांनी, काही घडलंच नाही अशा थाटात परत सुरू! बोरघाटाच्या चढावर, मागे मालट्रक भोंगा वाजवत असताना तिने हाच प्रयोग केला. मागच्या सीटवरून आईने जाहीर केलं, “पुण्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी एस.टी.ने जाईन.”

गाडीला औषध सांगायला लायसन्स लागत नाही. शेजारचे बँकवाले छातीठोकपणे म्हणाले, “कार्बोरेटरमध्ये कचरा!” मेव्हण्यांनी कंडेन्सर बदलवला. कॉइल तापली की ठिणगी मरते हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून कॉइलही बदलली. घाटात भेटलेल्या एका ट्रकवाल्याने बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओलं फडकं गुंडाळलं. उकाड्याने नळीत पेट्रोलची वाफ होते म्हणे. गंमत म्हणजे यातलं काहीच खोटं नव्हतं. या प्रत्येक कारणाने गाड्या बंद पडतात. फक्त आमची पडत नव्हती.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पान्याला हातही लावला नाही. म्हणाला, “साहेब, एकदम मरते की आचके देते?”

“आचके देते.”

“मग विजेचं काम नाही. वीज गेली की दिवा विझल्यागत जाते. ही उपाशी मरतेय.” तरीही प्लगची वायर बॉडीजवळ धरून, मला स्टार्टर मारायला लावून, त्याने निळी ठिणगी पाहून घेतलीच. मग विचारलं, “जास्त त्रास केव्हा देते?”

सौ. म्हणाली, “टाकी भरली की. अर्धी असली तर बिचारी निमूट चालते.”

हे ती दोन महिने सांगत होती. त्यावर मेव्हण्यांचा विनोद ठरलेला: पोट भरलं की सुस्ती यायचीच! मिस्त्री हसला नाही. मागे जाऊन त्याने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स!

झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खर्च होईल तशी हवा आत यायला हवी. भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. भरल्या टाकीत वर हवा थोडीच, म्हणून खेळ लवकर आटोपतो. जरा थांबलं की फटीतून हवा झिरपते आणि गाडी पुन्हा जिवंत! दिवाळीत गाडीला रंग देणाऱ्या गॅरेजवाल्याने आमचं ते भोकही प्रेमाने रंगवून टाकलं होतं.

मिस्त्रीने ते दाभणाने मोकळं केलं आणि दोन रुपये मागितले. कॉइलचं बिल मी त्याला दाखवलं नाही.

आई गाडीतूनच आली. मात्र खोपोलीला थांबायला लावून तिने झाकण उघडवलं आणि स्वतः कान लावून खात्री केली. हल्लीच्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो, कॉम्प्युटर असतो, आणि तो दुखण्याचा नंबर सांगतो. टाकीला हवा मात्र अजून लागतेच.

मेव्हण्यांचं म्हणणं अजूनही तेच आहे, की कॉइल बदलली हे बरंच झालं.