ऐकू न आलेले पक्षी

आमच्या कामणच्या घरामागे शेवग्याचे एक जुने झाड आहे. थंडीत ते फुलले की शिंजीर, चष्मेवाले आणि फुलटोचे त्यावर गर्दी करीत. झाडाखाली खुर्ची टाकावी, मांडीवर नोंदवही घ्यावी आणि जे दिसेल, जे ऐकू येईल ते लिहून ठेवावे, हा माझा निवृत्तीनंतरचा नित्यक्रम. समोर कामणदुर्गाचा डोंगर आणि त्याच्या अंगाखांद्यावर पसरलेले तुंगारेश्वराचे रान. त्या रानाला 2003 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा शाळेत पेढे वाटणारा मी एकटाच शिक्षक होतो.

तीन-चार वर्षांपूर्वीपासून माझ्या वहीत एक शब्द वारंवार येऊ लागला : ‘नाही’. वटवट्या नाही. फुलटोच्या नाही. चष्मेवाल्यांचा थवा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठी येणाऱ्या तिबोटी खंड्याची बारीक शीळ नाही. तांबट मात्र पूर्वीसारखाच ठोके देत होता, भारद्वाज घुमत होता, कावळ्यांविषयी तर तक्रारच नव्हती. मी मनाशी निदान केले की मोठे, धीट पक्षी तगले आणि लहान, नाजूक पक्षी कामण सोडून गेले. कारणही डोळ्यांसमोर होते. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावर दिवसरात्र अवजड गाड्यांची रांग, दोन्ही बाजूंना वाढत जाणारी गोदामे आणि झाडांच्या पानांवर बसलेला धुळीचा थर. ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात मी या विषयावर अर्धा तास बोललो. वहीतील नोंदी तारीखवार वाचून दाखवल्या. श्रोते हळहळले. त्यानंतर गावात कुणीही भेटले की ‘गुरुजी, पक्षी गेले हो’ असे म्हणे आणि मी मान डोलवी.

याच काळात माझ्या मनाने एका दुर्मीळ पक्ष्याचा ध्यास घेतला होता. तो म्हणजे रानपिंगळा. या पक्ष्याची कथा वाचकांना सांगितलीच पाहिजे, कारण पुढे माझी स्वतःची कथा तिच्यात जाऊन अडकते.

काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते ॲलन ह्यूम मोठे पक्षितज्ज्ञ होते. त्यांनी 1873 मध्ये या घुबडाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणाच्याच दृष्टीस पडला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी उरली. त्यांपैकी एकावर कर्नल माइनर्टझागेन यांची चिठ्ठी होती : गुजरातेतील मांडवी, 1914. साहजिकच शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी मात्र नमुन्याचीच कसून तपासणी केली. ते कातडे डेव्हिडसनच्या संग्रहातून चोरलेले, नव्याने भरलेले आणि त्यावर खोटे स्थळ, खोटी तारीख चिकटवलेली, असे त्यांच्या ध्यानात आले. मग ती चिठ्ठी बाजूला सारून त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे गेले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा, निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांनी! पुढे मेळघाटात तो चांगल्या संख्येने आढळला आणि 2014 मध्ये तर आमच्या शेजारच्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली.

शहादे दूर, मेळघाट त्याहून दूर. पण तानसा म्हणजे आमच्यासाठी एका सकाळीचा प्रवास. गुडघे चालते आहेत तोवर हा पक्षी पाहायचाच, असे मी ठरवले.

गेल्या वर्षीच्या माघात आम्ही पहाटे निघालो. गाडी सूनबाई चालवीत होती. मुलाला सुटी नव्हती आणि मला एकट्याला सोडायला घरात कुणी तयार नव्हते. पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी, साखरेच्या पुड्या, काठी आणि घडीची खुर्ची असा माझा सारा संसार तिने आदल्या रात्रीच गाडीत भरला होता. भिवंडीवरून नाशिकच्या महामार्गाला लागून आटगावजवळून आत वळलो. तानसाची साग-ऐनाची झाडी त्या दिवसांत पानगळीने विरळ होते, म्हणून घुबड शोधायला तो काळ उत्तम. परवानगी काढलेली होती, रान जाणणारा एक स्थानिक तरुण सोबत होता. मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याची सूचना कुणीतरी आधी केली होती. ती मी नाकारली होती. विणीच्या दिवसांत पक्ष्याला असे फसवून बाहेर काढणे मला पटत नाही.

नऊच्या सुमारास तो तरुण थबकला. सूनबाईनेही हात वर केला. दोघांचे चेहरे उजळले. दोन मिनिटे तसेच गेल्यावर ती माझ्या कानाशी कुजबुजली, “बाबा, ऐकलंत ना? दोनदा बोलला.”

मला पाचोळ्यावरून फिरणारा वारा ऐकू येत होता. आणखी काही नाही.

“हो, ऐकला,” मी म्हणालो.

का म्हणालो, हे आजही नीट सांगता येत नाही. इतक्या लांबून आणलेल्या सुनेचा विरस होऊ नये म्हणून, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण बहुधा अभिमान हेच असावे. ज्याने चाळीस वर्षे मुलांना पक्ष्यांचे आवाज ओळखायला शिकवले, त्याला एका कोवळ्या पोरासमोर ‘मला ऐकू आला नाही’ असे म्हणवेना. वहीत मी लिहिले : ‘रानपिंगळा. आवाज दोनदा ऐकला. दिसला नाही.’

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. सूनबाई बराच वेळ कपाशी चाळा करीत होती. मग म्हणाली, “बाबा, रागावू नका. आवाज डावीकडून येत होता. तुम्ही पूर्ण वेळ उजवीकडे बघत होता.” मी गप्प. ती पुढे म्हणाली, “आणि आपल्या शेवग्यावरचे चष्मेवाले कुठेही गेले नाहीत. मी रोज सकाळी पोळ्या करताना ऐकते. तुम्ही मेळाव्यात बोललात तेव्हाच सांगणार होते. धीर झाला नाही.”

मी रागावलोच. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. घरातील वृद्धांचा हा अबोला सांभाळणाऱ्यांना किती जड जातो, हे मला नंतर कळले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खुर्चीशेजारी पाट घेऊन बसली. म्हणाली, “पंधरा मिनिटं काही बोलायचं नाही. मला पक्षी ऐकू आला की मी बोट वर करीन. तुम्हाला आला की तुम्ही करा.”

तिचे बोट अकरा वेळा वर गेले. माझे तीन वेळा. दोनदा तांबटासाठी, एकदा कावळ्यासाठी. नवव्या वेळी तिने बोट वर केले तेव्हा मी त्या दिशेने दुर्बीण लावली आणि शेवग्याच्या फुलांत चार चष्मेवाले उलटेसुलटे लोंबकळताना दिसले. चोची हलत होत्या. आवाज नव्हता.

लहान पक्षी पानांत आधी ऐकू येतो, मग डोळे त्याला शोधतात. कानांनी सांगणेच थांबवले होते. म्हणून डोळे वर जात नव्हते, आणि वहीत ‘नाही’ उमटत होते.

त्या रात्री मला माइनर्टझागेनची चिठ्ठी आठवली. त्याने ठरवून खोटे लिहिले, मी बहुतेक अजाणता. पण तानसाची नोंद तर जाणूनबुजून केलेली होती. उद्या कुणी माझ्या वहीवर विसंबून कामणच्या पक्ष्यांचा इतिहास लिहील तर? गोदामांनी आणि धुळीने रानाची हानी होते आहे यात शंका नाही, तिचे खरे पुरावेही असतील. माझी वही मात्र त्या खटल्यात साक्षीला उभी करण्याच्या योग्यतेची राहिली नव्हती.

कानाच्या डॉक्टरांनी आधी कान तपासले, साचलेला मळ काढला आणि मग बंद खोलीत यंत्रावर श्रवणचाचणी झाली. कागदावरची रेघ डावीकडे बरी होती. उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे जाताना ती टेकडीवरून घसरावी तशी खाली आली. त्यांनी सोप्या शब्दांत समजावले ते असे. अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो आणि त्यात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात आणि वयपरत्वे सहसा त्याच प्रथम झिजतात. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून तांबटाचा ठोका आणि भारद्वाजाचा घुमार शाबूत राहतो, चष्मेवाल्याची किणकिण जाते. माणसांच्या बोलण्यातही स, श, फ, थ यांसारखे वर्ण उंच स्वरांचे. ते निसटले की ‘ऐकू येते, पण कळत नाही’ अशी अवस्था होते. ‘हल्लीची मुले पुटपुटतात’ ही माझी आणखी एक लाडकी तक्रार होती. तीही त्या कागदावर निकालात निघाली.

ही झीज इतकी हळूहळू होते की ज्याची होते त्याला तिचा पत्ता नसतो. मात्र एखाद्या कानाने अचानक, काही तासांत किंवा दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ते वयाचे लक्षण समजून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, असे त्यांनी बजावून सांगितले. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे टाळतो, बैठकीतून उठून जातो, एकटा पडतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष आहे. हे ऐकून सूनबाईने माझ्याकडे पाहिले; मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहिले.

श्रवणयंत्र घातले की जग पूर्ववत होते, असा माझा समज होता. पहिला आठवडा असह्य गेला. वर्तमानपत्राची घडी फटाक्यासारखी वाजे, भांड्यांचा आवाज डोक्यात जाई, स्वतःचाच आवाज पिंपातून आल्यासारखा वाटे. दोनदा मी यंत्र काढून टेबलाच्या खणात टाकले. सूनबाईने हट्ट केला नाही. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असे तिने वेळापत्रक लावले आणि तो वेळ शेवग्याखालीच घालवायचा असे ठरवले. घरातल्यांनीही सवयी बदलल्या. पाठमोरे बोलायचे नाही, दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, ओरडायचे नाही. समोर उजेडात येऊन सावकाश बोलायचे. ओरडल्याने शब्द फाटतात, स्पष्ट होत नाहीत, हे आमच्या घराला फार उशिरा कळले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पानांतून काचेचे मणी सांडावेत तसा आवाज आला आणि माझे बोट आपोआप वर गेले. सूनबाई पोळी तव्यावर ठेवून बाहेर आली होती. पोळी करपली.

सगळे परत आलेले नाही. तिबोटी खंड्याची शीळ मला यंत्र लावूनही कधी येते, कधी येत नाही. वाऱ्यात तर यंत्र नुसते घोंघावते. तेव्हा सूनबाईचे बोट हाच माझा तिसरा कान.

यंदाच्या माघात आम्ही पुन्हा तानसाला गेलो. सोबत तोच तरुण होता. दहा वाजता त्याने सागाच्या उघड्या फांदीवर बसलेले एक लहानसे घुबड दाखवले. “गुरुजी, बघा, आला तुमचा रानपिंगळा!” सूनबाईने माझा दंड घट्ट धरला. मी दुर्बीण स्थिर केली. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, छातीवर रुंद गडद पट्टा असतो आणि पोट पांढरे स्वच्छ. या पक्ष्याच्या माथ्यावर मात्र पांढरे ठिपके स्पष्ट होते. हा आपला नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा, गावातल्या चिंचेवरही दिसणारा. क्षणभर वाटले, कशाला बोलावे? दोघांचे चेहरे किती फुलले होते. पण तसे एकदा करून झाले होते.

“हा तो नाही,” मी म्हणालो आणि दुर्बीण त्या तरुणाच्या हाती दिली. त्याने बराच वेळ पाहिले, मग हसून मान हलवली. आम्ही झाडाखाली घडीच्या खुर्चीवर आळीपाळीने बसून थर्मासमधला चहा प्यालो. त्या दिवशी रानपिंगळा दिसला नाही, बोललाही नाही.

घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या. खाडाखोड करण्याचा मला अधिकार नाही, म्हणून समासात पेन्सिलीने लिहीत गेलो. ‘नाही’ असेल तिथे ‘मला ऐकू आले नाही’. तानसाच्या पहिल्या नोंदीशेजारी ‘सूनबाईने ऐकला, मी नाही’. हे काम अजून पुरते झालेले नाही. तीन वह्या बाकी आहेत. ज्येष्ठांच्या पुढच्या मेळाव्यात बोलण्यासाठी मी स्वतःहून दहा मिनिटे मागून घेतली आहेत. तानसाची परवानगी पुन्हा पानगळीच्या दिवसांत काढायची आहे. सूनबाईने रजेचा अर्ज आताच लिहून ठेवला आहे.