सोडतीत लागलेले घर

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; महाविद्यालये निराळी, विषय एकच. त्यामुळे जयंत पवारांचे ‘अधांतर’ आमच्या घरात दोनदा शिकवले जाते, असे म्हणायला हरकत नाही. गेल्या वर्षी तास संपताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, संपानंतर या लोकांना पुढे घरं मिळाली का?” संहितेबाहेरचा प्रश्न म्हणून तो हसून टाळला गेला. संध्याकाळी त्याविषयी बोलताना मात्र आम्हा दोघांनाही हसू आले नाही. कारण आम्हाला घर मिळाले होते, आणि ते विकावे की काय, याचा विचार आम्ही त्याच आठवड्यात करत होतो.

नाना आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. लोअर परळच्या एका गिरणीत ते साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यातल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी ते एक. आम्हाला तो संप आठवत नाही. आठवते ते त्यानंतरचे घर, ज्यात वडील दिवसाढवळ्या खोलीत बसलेले असत. खोली करी रोडच्या चाळीतली, मोठ्या काकांच्या नावावरची. तीत दोन बिऱ्हाडे आणि पाळीप्रमाणे झोपायला येणारे दोन गाववाले. पुढे गिरणी थोडीफार सुरू झाली, नाना पुन्हा बदलीवर लागले, आणि अखेर स्वेच्छानिवृत्तीचे पैसे कर्ज व आत्याचे लग्न यांत संपवून आम्ही डोंबिवलीला गेलो. आमच्यातल्या दुसरीने चाळ प्रथम पाहिली ती पुलंच्या पुस्तकात, सांगलीला बसून. चाळीविषयीचा जिव्हाळा तिचाच अधिक, हे ओघाने आलेच.

गिरणीच्या जमिनीचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय घराची गोष्ट कळणार नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे कल्पिले होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाकडे. २००१च्या दुरुस्तीने हा हिशेब संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीवर आणला, आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्याच दुरुस्तीमुळे म्हाडाच्या वाट्यातली काही घरे गिरणी कामगारांसाठी राखीव झाली, हेही खरे. एका हाताने आखडले आणि दुसऱ्या हाताने थोडे दिले. जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. पुढे एकूण अर्ज जमले सुमारे पावणेदोन लाख.

त्या सोडतीत नानांचे नाव लागले. किंमत साडेसात लाख रुपये. त्या भागातल्या बाजारभावाशी तुलना केली तर ती नाममात्र होती. नानांच्या पासबुकाशी केली तर अशक्य. आम्ही कर्ज काढले, आईने पाटल्या मोडल्या. सव्वादोनशे चौरस फुटांच्या घराची चावी हाती आली तेव्हा आई प्रथम स्वयंपाकघरात गेली नाही. तिने संडासाचे दार आतून लावून पाहिले, उघडले, पुन्हा लावले. चाळीच्या सामूहिक जीवनावर तोवर आम्ही दोघांनी बरेच काही लिहिले होते. गॅलरीच्या टोकाला बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा विचार त्यात एकदाही आला नव्हता.

नानांना मात्र आनंद पचला नाही. चाळीतले शेजारचे काका त्याच गिरणीतले, त्याच खात्यातले. त्यांचा अर्जही नानांच्याच बरोबर भरलेला. त्यांचे नाव लागले नाही. २०१६ आणि २०२० मध्ये पुन्हा सोडती निघाल्या. काका तोवर कणकवलीजवळ गावी जाऊन राहिले होते, आणि त्यांचे नाव कशातच आले नाही. “हक्क होता ना रे? मग चिठ्ठी कशाला काढली?” असे नाना म्हणत. सोडतीने हक्काचे नशीब केले, हे आम्हाला निबंधात सुचले असते; नानांना ते दर सोडतीच्या दिवशी काकांना फोन करताना कळत होते.

परिसराचे म्हणाल तर तो बदलला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेची कार्यालये आली. आमच्या बिऱ्हाडांच्या इमारतींतही लिफ्ट आली आणि तिच्याबरोबर देखभालखर्चाचे बिल. नानांचे निवृत्तिवेतन महिन्याला हजार-बाराशे, बिल त्याच्या दुपटीहून जास्त. घर परवडले तरी घरात राहणे परवडेल असे नाही. काहींनी घरे भाड्याने दिली आणि ते पुन्हा बदलापूर-विरारला गेले. पण सगळेच गेले नाहीत. आमच्या मजल्यावरच्या एका सुनेने कार्यालयांतल्या मुलांसाठी डबे सुरू केले. आज तिच्याकडे तीन बायका पोळ्या लाटतात. गिरणगावातल्या बायकांची खानावळ लिफ्टने वर येऊन बसली आहे. वस्ती सुधारली असे म्हणायचे तर आम्ही मॉलकडे नव्हे, त्या डब्यांकडे बोट दाखवू. वस्ती जगवणारी माणसे तिथेच राहू शकली, एवढाच सुधारणेचा अर्थ आम्हाला समजतो.

आणि तरीही घर विकण्याचा विचार आम्हीच करत होतो. नाना २०२१ मध्ये गेले. विक्रीवरील बंदीची मुदत उलटली होती. डोंबिवलीच्या घराचे हप्ते, मुलाचे शिक्षण. दलालाने सांगितलेला आकडा मूळ किमतीच्या कित्येक पट. त्याच सुमारास, जुलै २०२५ मध्ये, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते: शेलू-वांगणी नको, घरे मुंबईतच द्या. आम्ही ती बातमी वाचली, हळहळलो आणि दलालाला रविवारची वेळ दिली.

आईला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. “विका,” ती म्हणाली. “माझं काय, मी डोंबिवलीला येईन. फक्त काकांना फोन तुम्ही करा. मी नाही करणार.”

तो फोन आम्ही अजून केलेला नाही. दलालाला रविवारी येऊ नका असे कळवले, पण त्याचा क्रमांकही पुसलेला नाही. हप्ते चालू आहेत, आईचा मुक्कामही तिथेच आहे. त्या विद्यार्थिनीला मात्र उत्तर द्यायचे आम्ही ठरवले आहे. काहींना घरे मिळाली, म्हणून सांगू. ती त्यांच्याकडे राहिली का, असे तिने पुढे विचारले, तर या वेळी हसून टाळता येणार नाही.