शिरेवर ठेवलेला तुकडा

आईच्या डोक्यातली गाठ कर्करोगाची नाही म्हटल्यावर मला वाटलं, आता प्रश्न मिटला. काढली की संपलं. ही गाठ, मेनिन्जिओमा, मेंदूच्या आवरणातून वाढते आणि मेंदूला दाबते. तिचा उजवा पाय त्या दाबानेच लटपटत होता. दाब गेला की पाय सुधारेल, एवढंच माझं गणित.

मग एमआर व्हेनोग्राम झाला. कपाळापासून डोक्याच्या मागपर्यंत, बरोबर मध्यरेषेवरून जाणारी जाड रेघ डॉक्टरांनी दाखवली: सुपीरिअर सॅजिटल सायनस. मेंदूतलं बरंचसं अशुद्ध रक्त या शिरेतून बाहेर पडतं. गाठ नेमकी तिच्या मधल्या भागाला चिकटलेली. पुढचा एक तृतीयांश भाग वेळ पडली तर बांधून टाकता येतो, सहसा निभावतं. मधला चालता-वाहता भाग बंद झाला, तर रक्त मागे तुंबतं, मेंदू सुजतो, आत रक्तस्राव होतो. रक्त पोचलं नाही तर अवयव मरतो हे ठाऊक होतं. ते बाहेर पडलं नाही तरी तसाच घात होतो, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

“ताई, शिरेवरचा थर मी मुद्दाम ठेवणार आहे,” डॉक्टर म्हणाले.

मी हबकलेच. डोकं उघडायचं आणि गाठ ठेवायची? त्या रात्री वाचत बसले. गाठ किती काढली यावर ती परतण्याची शक्यता ठरते, अशी पाच पायऱ्यांची प्रतवारी डोनाल्ड सिम्पसन यांनी 1957 साली मांडली. तिच्यात आईची शस्त्रक्रिया चौथ्या पायरीवर, म्हणजे गाठ अर्धवट काढण्याच्या पायरीवर, बसत होती.

सकाळी तेच विचारलं. निवासी डॉक्टर मुलगी शांतपणे म्हणाली, “तेव्हा एमआरआय नव्हता, गॅमा नाइफ नव्हतं. उरलेल्या तुकड्यावर आज नजर ठेवता येते, वाढला तर किरण देता येतात. शीर गेली तर काकूंचा पाय परत आणता येणार नाही.”

शस्त्रक्रियेत आधी गाठ आतून पोकळ केली, मग तिच्या भिंती मेंदूपासून सोडवल्या. मेंदूकडून सायनसकडे जाणाऱ्या बारीक शिराही जपल्या. मला वाटतं, सगळा वेळ त्यातच गेला असेल. सुरुवातीला सुजेमुळे पाय आणखीच जड झाला, तेव्हा धीर सुटला होता. पुढे फिजिओथेरपीने आई वॉकर धरून चालू लागली. गाठीचा अहवाल पहिल्या, म्हणजे सौम्य, श्रेणीचा आला.

नातेवाईक विचारतात, “सगळी निघाली ना?” मी नाही म्हणते, आणि फिल्म काढून ती शीर दाखवते.