सव्वा महिन्यातलं पाणी

माझं अंग बाहेर यायला लागलं तेव्हा मुलगी अजून अंगावर पीत होती. उकिडवं बसलं की गोळा खाली उतरायचा, संध्याकाळपर्यंत कंबर भरून यायची. सुरतच्या लिंबायतमध्ये आम्हा खानदेशी लोकांची घरं गल्लोगल्ली. नवरा लूमवर, बाई घरी साड्यांना लेस-टिकी लावणार. आमचंही तसंच.

डोक्यातून जात नाही ते सासूबाईंचं वाक्य. "सव्वा महिन्यात पाणी भरलं, आता भोग." नळ पहाटे यायचा, नवरा रातपाळीवरून आलेला नसायचा, सासूबाई गावी. मग हंडा उचलणार कोण? तरी त्यांनी हे जावेला सांगितलं, नणंदेला सांगितलं, नणंदेने गावभर केलं. एका लग्नात जेवायला बसले तर शेजारची बाई म्हणाली, "जरा दम धरायचा होता ना!" अनोळखी बाई! आणि आमच्या समोरच्या ताई, पाच बाळंतपणं झालेल्या, साड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन जिना चढतात. त्यांना काही नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तमारी मम्मीने आवी तकलीफ हती?" माझ्या हंड्याची चौकशी सगळ्यांनी केली होती, आईची कुणीच नाही. अमळनेरला फोन लावला. आई म्हणाली, "माले बी व्हतं ना पोरी. तुनी मावशीले बी."

इतकी वर्षं गप्प! आईचा फार राग आला. पण डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ साली ते छापून आलं: ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आई त्याच काळातली. सांगणार कुणाला होती?

गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध मुळात किती चिवट, हे काही अंशी रक्तातूनच येतं. आईला किंवा बहिणीला त्रास असेल तर आपला धोका साधारण अडीच पट. त्यावर अवघड बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन, ओझं, पाळी जाणं. म्हणजे हंड्याचाही वाटा असेल, पण एकट्या हंड्याचा नाही. आणि उपाय म्हणून गल्लीत सगळ्यांचं एकच, पिशवी काढून टाक! रिंग बसवता येते, ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंचे व्यायाम असतात. मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे या डॉक्टरांच्या नावाच्या शस्त्रक्रिया तर पिशवी न काढता वर बांधून ठेवण्याच्याच. मला रिंगवर बरं आहे.

रक्तातून आलं म्हटल्यावर आधी हलकं वाटलं होतं. मग मुलीकडे बघून तेच जड झालं.

आता भाचेसुनेला दिवस गेलेत. बाळंतपणानंतर सव्वा महिना तिने हंड्याला हात लावायचा नाही, असं मीच बजावलंय. पाणी भाच्याने भरायचं, हेही त्याच्या तोंडावर सांगितलंय. तिच्या आईला असा त्रास होता का, ते विहिणबाईंना विचारूनही झालं.